तक्त्यात एक रकाना कमी आहे

प्रश्न थोडक्यात असा: प्राण्यांची काही लक्षणं वारशाने येतात आणि काही उत्क्रांतीने येतात, तर एखादं लक्षण कोणत्या गटातलं हे जीवशास्त्रज्ञ कसं ठरवतात? विचारणाऱ्याने दोन रकान्यांचा तक्ताही जोडलाय. डावीकडे 'वारशाने आलेली', उजवीकडे 'उत्क्रांत झालेली'. खाली पाच उदाहरणं आहेत, जी कुठल्या रकान्यात टाकावीत हे त्यांना उमगत नाहीये: फ्लेमिंगोचा गुलाबी रंग, वटवाघळाचे पंख, प्लॅटिपसची अंडी, पांडाचा अंगठा आणि गुहेतल्या माशाचं आंधळेपण.

उदाहरणं झकास निवडली आहेत. गडबड तक्त्यातच आहे.

वारसा ही आईबापांकडून पिल्लाकडे जाणाऱ्या गोष्टींची बाब. उत्क्रांती ही अख्ख्या समूहात पिढ्यान् पिढ्या होणाऱ्या बदलाची. जे उत्क्रांत झालं ते वारशाने आलेलं असतंच. वारशाने पुढे जात नसतं तर ते टिकलं आणि पसरलं कसं असतं? म्हणजे हे दोन रकाने एकमेकांच्या समोर उभे राहू शकत नाहीत. 'वारशाने आलेलं'च्या समोर उभं राहतं ते 'उपार्जित', म्हणजे त्या एका प्राण्याने आपल्या हयातीत मिळवलेलं. आणि उत्क्रांतीच्या अंगाने विचारायचं तर प्रश्न वेगळाच होतो: हे लक्षण जुनं की नवं, आणि कोणाच्या तुलनेत? हा 'कोणाच्या तुलनेत' नावाचा रकाना तुमच्या तक्त्यात नाही. गेली कित्येक वर्षं हाडं मोजण्यात आणि लक्षणांचे तक्ते भरण्यात गेल्यावर मी एवढं ठामपणे सांगतो, की तो रकाना रिकामा ठेवून केलेलं वर्गीकरण हमखास फसतं.

फ्लेमिंगोपासून सुरुवात करू, कारण तो त्यातल्या त्यात सोपा. पिल्लू असतं तेव्हा ते करडं असतं. गुलाबी रंग येतो खाण्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे. शेवाळ आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव खाऊन ती मिळतात. प्राणिसंग्रहालयात खाण्यात ती नसली, की जुनी पिसं गळून येणारी नवी पिसं फिकी येतात. मग रंग उपार्जित म्हणायचा? अर्धाच. तेच खाणं कावळ्याला घातलं म्हणून कावळा काही गुलाबी होत नाही. ती रंगद्रव्यं शोषून घेणं, शरीरात त्यांचं रूप बदलणं, पिसांपर्यंत पोचवणं, ही सगळी यंत्रणा फ्लेमिंगोला जन्मतः मिळालेली असते. रंग खाण्यातून येतो, रंगण्याची क्षमता वारशातून. बहुतेक लक्षणं अशीच दोन धाग्यांची असतात, त्यामुळे 'हे जनुकांमुळे की परिस्थितीमुळे' या प्रश्नाला एका प्राण्यापुरतं उत्तर नसतं.

उत्तर असतं ते समूहापुरतं. एखाद्या समूहात प्राण्या-प्राण्यांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकांमुळे आहे, हे मोजता येतं. या मापाला हेरिटॅबिलिटी म्हणतात आणि यावरून विद्यार्थी जितके घसरतात तितके दुसऱ्या कशावरून घसरत नसतील. माणसाच्या हाताला पाच बोटं असतात हे पूर्णपणे जनुकांनी ठरवलेलं आहे. पण लोकांमध्ये बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो, तो बराचसा अपघातांनी आलेला. म्हणून बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी शून्याच्या आसपास! लक्षण आनुवंशिक असणं आणि त्यातला फरक आनुवंशिक असणं या दोन गोष्टी आहेत, आणि नैसर्गिक निवडीला, म्हणजे कोण जगतो आणि कोण मरतो या गाळणीला, कामाला लागते ती दुसरी.

हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर. पीटर आणि रोझमेरी ग्रँट तिथल्या फिंच पक्ष्यांना पायात कडी घालून वर्षानुवर्षं मोजत होते. 1977 मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि फोडायला कठीण अशा मोठ्या बिया तेवढ्या उरल्या. मध्यम चणीच्या एका फिंच प्रजातीतले सुमारे 85 टक्के पक्षी मेले. जगले त्यांची चोच सरासरीने जाड होती. बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात आणि म्हणतात, झाली उत्क्रांती. नाही झाली. इथवर झाली ती फक्त निवड. उत्क्रांती झाली की नाही हे कळलं पुढच्या वर्षी, त्या जगलेल्यांची पिल्लं मोठी झाली आणि त्यांच्याही चोची दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या तेव्हा. चोचीच्या जाडीतला फरक आईबापांकडून पिल्लांकडे जातो हे तिथे आधीच मोजलेलं होतं, म्हणून हा हिशेब लागला. तोच फरक खाण्यापिण्यातून आलेला असता, तर 85 टक्के पक्षी मरूनही पुढची पिढी होती तशीच निघाली असती.

(या ठिकाणी कोणीतरी ऑगस्ट वाइझमन या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या उंदरांची आठवण काढतंच. 1880च्या दशकात त्याने पिढ्यान् पिढ्या उंदरांच्या शेपट्या छाटल्या आणि एकही पिल्लू आखूड शेपटीचं जन्मलं नाही. प्रयोग मजेदार आहे, पण हयातीत मिळवलेलं पिल्लांना मिळतं असं डार्विनच्याही आधी म्हणणाऱ्या लामार्कला तो लागू पडत नाही. लामार्क वापराने वाढणाऱ्या आणि न वापरल्याने खुरटणाऱ्या अवयवांबद्दल बोलत होता, सुरीने छाटलेल्या नव्हे.)

आता वटवाघूळ. इथे खरी मजा सुरू होते.

माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये दोन सांगाडे शेजारी ठेवलेले असतात, एक वटवाघळाचा पंख आणि एक पक्ष्याचा. खांद्यापासून बोट फिरवत जा. दंडाचं एक हाड, कोपर, पुढे दोन हाडं, मग मनगटाची लहान हाडं. इथपर्यंत दोघांची कथा एकच, फक्त वटवाघळाच्या पुढच्या दोन हाडांपैकी एक झिजून काडीसारखं झालंय. मनगटाच्या पुढे मात्र वाटा फुटतात. वटवाघळाची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी बारीक आणि प्रचंड लांब होतात, त्यांच्यामध्ये कातडी ताणलेली असते. अंगठा तेवढा मोकळा, नखासकट, लटकायला आणि चढायला. पक्ष्याचा हात उलट आखडलेला. तीनच बोटं, तीही एकमेकांत मुरलेली, आणि उडण्याचं काम बोटांचं नाही, पिसांचं. कोपरापुढच्या जाड हाडावर भिंग धरलं तर अनेक पक्ष्यांमध्ये ओळीने बारीक उंचवटे दिसतात, तिथे पिसांची मुळं बांधलेली असतात.

मग हे दोन पंख एकाच मुळाचे की वेगळे? हात म्हणून पाहिलं तर एकाच मुळाचे. चार पायांच्या सगळ्या पृष्ठवंशीयांच्या समाईक पूर्वजाला हे पुढचे पाय होते आणि दोघांना ते तिथूनच मिळाले. याला समजात किंवा होमोलॉगस म्हणतात. पंख म्हणून पाहिलं तर वेगळे. त्या समाईक पूर्वजाला पंख नव्हते; दोघांनी आपापले केले. याला समवृत्ती किंवा ॲनालॉगस म्हणतात. एकाच अवयवाला दोन्ही शब्द लागू पडतात आणि दोन्ही बरोबर. म्हणून 'वटवाघळाचा पंख समजात आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. कशाशी, आणि कोणत्या पातळीवर, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

ही पातळी जनुकांपर्यंत नेली की आणखी गंमत होते. माशीचा डोळा आणि उंदराचा डोळा यांच्या रचनेत काही साम्य नाही. पण 1995 मध्ये वॉल्टर गेरिंगच्या प्रयोगशाळेत माशीच्या शरीरात भलत्याच जागी, पायावर आणि पंखावर, एक विशिष्ट जनुक चालू केलं, तेव्हा तिथे डोळे उगवले. उंदराचं तेच जनुक माशीत घातलं, तरीही डोळे उगवले. उंदराचे नव्हे, माशीचे. म्हणजे अवयव वेगळे, पण 'इथे डोळा कर' म्हणणारं बटण दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेलं.

समजातपणा ओळखायचा कसा? 1843 मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञाने व्याख्या केली: वेगवेगळ्या प्राण्यांमधला तोच अवयव, मग त्याचं रूप आणि काम काहीही असो. हा माणूस पुढे डार्विनचा कडवा विरोधक झाला, पण ही व्याख्या मात्र डार्विनच्या कामी आली. 'तोच' कशावरून म्हणायचा, हे आम्ही व्यवहारात तीन गोष्टींवरून पाहतो. शेजारी कोण आहे, म्हणजे अवयवाची जागा. भ्रूणात तो कुठून आणि कसा घडतो. आणि मधले दुवे सापडतात का.

तिन्ही कसोट्या एकत्र लागल्याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या कानात आहे. सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानात तीन चिमुकली हाडं असतात, सरड्याच्या कानात एकच. बाकीची दोन आली कुठून? 1837 मध्ये कार्ल रायकर्टने भ्रूण पाहून सांगितलं, की सरड्यात जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांनी बनतो, तीच ही. तेव्हा हे कुणालाही विचित्रच वाटलं असतं. पुढे जीवाश्म मिळत गेले. जबड्यामागची ही हाडं हळूहळू लहान होत गेलेली, आणि काही प्राण्यांत तर जबड्याला जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच वेळी असलेले. कांगारूच्या कुळातल्या नवजात पिल्लात ती अजूनही खालच्या जबड्याला चिकटलेली असतात आणि पिल्लू वाढतं तशी सुटून कानात जातात. ज्या हाडांनी एकेकाळी चावलं जात होतं, त्यांनी आपण ऐकतो.

कसोट्या नेहमी इतक्या शहाण्यासारख्या वागतात असं समजू नका. पक्ष्याच्या पंखातली ती तीन बोटं कुठली, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. भ्रूण म्हणतो दुसरं, तिसरं, चौथं. डायनोसॉरचे जीवाश्म म्हणतात पहिलं, दुसरं, तिसरं.

प्लॅटिपसकडे येऊ. 1799 मध्ये जॉर्ज शॉने त्याचं वर्णन केलं तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून फसवणूक केली असावी असा संशय त्याला आला होता. अंगावर केस, पिल्लांना दूध, आणि तरीही अंडी. अंडी घालतो म्हणजे तो सरपटणाऱ्यांच्या जवळचा का? नाही, आणि हे नाही का, यातच आधुनिक वर्गीकरणाचं मर्म आहे.

ते मर्म मांडलं विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञाने. माश्या हा त्याचा विषय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युद्धकैदी असताना त्याने हे लिहायला घेतलं, 1950 मध्ये पुस्तक आलं आणि 1966 च्या इंग्रजी आवृत्तीनंतर ते जगभर पोचलं. त्याचं म्हणणं असं: साम्य तीन प्रकारचं असतं. एक, दूरच्या पूर्वजाकडून जसंच्या तसं राहिलेलं. दोन, जवळच्या पूर्वजात नव्याने घडून त्याच्या सगळ्या वंशजांना मिळालेलं. तीन, स्वतंत्रपणे जुळून आलेलं. नातं सिद्ध करतं ते फक्त दुसरं, ज्याला सिनॅपोमॉर्फी म्हणतात. अंडी घालणं हे पहिल्या प्रकारातलं. सस्तन प्राण्यांच्या आधीपासून चालत आलेली ती रीत. प्लॅटिपसने सोडली नाही, बाकी बहुतेकांनी सोडली. जुनी सवय टिकवली म्हणून कोणी जवळचा होत नाही. केस आणि दूध ही मात्र सस्तनांची नवी कमाई, आणि ती प्लॅटिपसकडे आहे.

जुनं-नवं ठरवायला आम्ही गटाबाहेरचा एखादा प्राणी घेतो. सस्तनांच्या गटाबाहेर कासव, मगर, पक्षी पाहिले तर सगळीकडे अंडी. म्हणजे अंडी ही गटाच्या आधीची. आणि एकच लक्षण एका पातळीवर जुनं तर दुसऱ्या पातळीवर नवं असतं: सगळ्या पृष्ठवंशीयांच्या तुलनेत केस नवे, पण सस्तनांच्या आत कुत्रा आणि मांजर यांची जवळीक दाखवायला केसांचा काडीचा उपयोग नाही, कारण केस घोड्यालाही आहेत. तुमचा हरवलेला रकाना तो हाच.

हा हिशेब लावला की जुने गट मोडतात. मगर सरड्यासारखी दिसते, पण तिचं जवळचं जिवंत नातं पक्ष्यांशी आहे. सरड्याशी तिचं साम्य आहे ते बहुतांशी जुन्याचंच शिल्लक. उलटीकडूनही घोळ होतो. पक्षी आणि सस्तन दोघांचंही रक्त गरम, दोघांच्याही हृदयाला चार कप्पे. 1982 मध्ये ब्रायन गार्डिनरने अशा साम्यांची यादी करून दोघांना सख्खे शेजारी ठरवलं होतं. तो काही अडाणी नव्हता. फक्त जिवंत प्राण्यांवर भिस्त ठेवली तर यादी खरंच त्या बाजूला झुकते. 1988 मध्ये जीवाश्मांची लक्षणं तक्त्यात घातल्यावर ते चित्र पालटलं. एखादं लक्षण एकटं कधीच साक्ष देत नाही, बाकीच्यांशी ते जुळतं का हे पाहावं लागतं. देवमासा आणि पाणघोडा यांचं नातं असंच पक्कं झालं. 1999 मध्ये डीएनएच्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या नेमक्या त्याच जागा दोघांत सापडल्या, आणि 2001 मध्ये पाय असलेल्या पुरातन देवमाशांच्या घोट्याचं हाड मिळालं, दोन्ही टोकांना कप्पी असलेलं. असं हाड पाणघोडा ज्यांत येतो त्या समखुरी, म्हणजे जोड खुरांच्या, प्राण्यांखेरीज कोणाकडे नसतं. बकरीच्या घोट्यातलं हे हाड मी विद्यार्थ्यांच्या हातात देतो आणि दोन्ही कप्प्यांवरून अंगठा फिरवायला सांगतो. एकदा फिरवला की विसरत नाहीत.

पांडाचा अंगठा हा अंगठा नाही. पाच बोटं जागेवर आहेतच. बांबू धरायला पुढे आलेलं ते मनगटाजवळचं एक वाढलेलं हाड आहे. लाल पांडालाही तसंच हाड आहे, तोही बांबू खातो, आणि दोघांना एके काळी एकाच घरात बसवलं होतं. डीएनए सांगतो की मोठा पांडा अस्वल आहे आणि लाल पांडा रॅकून आणि मुंगसासारखे दिसणारे वीझल यांच्या बाजूचा. म्हणजे हेनिगचा तिसरा प्रकार. पण त्यातही एक मेख आहे. 2006 मध्ये स्पेनमधून लाल पांडाच्या जुन्या नातलगाच्या हाताचं वर्णन आलं. त्यालाही हा खोटा अंगठा होता, पण दात मांस खाणाऱ्याचे. बांबू तोडायला नव्हे, तर झाडावर फांदी धरायला तो आधी आला असावा आणि पुढे लाल पांडाने त्याला बांबूवर लावलं. एका कामासाठी घडलेलं दुसऱ्या कामी लागणं, याला गुल्ड आणि व्हर्बा यांनी 1982 मध्ये एक्झॅप्टेशन हे नाव दिलं. 'हे लक्षण कशासाठी आहे' यावरून 'ते कशासाठी आलं' हे सांगता येत नाही, ते यामुळेच. पिसांचंही तसंच, न उडणाऱ्या डायनोसॉरांच्या अंगावर ती आधीच होती.

राहिला गुहेतला मासा, आणि इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. उमेदवारीच्या काळात मी एका तक्त्यात 'खवले नाहीत' असलेल्या सगळ्या माशांना एकच आकडा दिला होता. संगणकाने त्यांना लगेच एका घरात बसवलं. माझ्या मार्गदर्शकांनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, "जे नाहीच, त्याची जागा आणि रचना तू कशी तपासलीस?" महिनाभराचं काम पुन्हा केलं. असलेली गोष्ट समजात आहे का हे तपासता येतं. नसलेली गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते. सरड्यांच्या आणि सापांच्या विस्तारित कुळात पाय वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे गेलेत, आणि प्रत्येक वेळी दिसतो तो लांबुळका बिनपायी प्राणीच.

मेक्सिकोतल्या गुहांमधला हा मासा म्हणूनच मोलाचा. नदीतल्या त्याच्या भाईबंदांना नीट डोळे आहेत. गुहेतल्या माशाच्या भ्रूणातही डोळा घडायला सुरुवात होते, भिंगही तयार होतं, मग भिंगाच्या पेशी मरतात आणि डोळा खुरटतो. आंधळेपण इथे आनुवंशिक आहे, नदीतल्या माशांच्या तुलनेत नवं आहे, आणि प्रश्न उरतो तो एवढाच, की सगळ्या गुहांमध्ये ते एकदाच घडलं की पुन्हा पुन्हा. दिसायला सगळे सारखेच आंधळे. 2008 मध्ये रिचर्ड बोरोव्स्कीने एकमेकांपासून दूरच्या गुहांतल्या आंधळ्या माशांचे संकर प्रसिद्ध केले. आई आंधळी, बाप आंधळा, आणि पिल्लांपैकी काहींना दिसत होतं. एका गुहेत जे जनुक बिघडलं होतं ते दुसऱ्या गुहेतल्या माशात शाबूत होतं, आणि दोन्हीकडच्या शाबूत प्रती एकत्र आल्यावर डोळा पुन्हा जमला.

तेव्हा तुमच्या नव्या तक्त्यात या माशाला एक ओळ देऊ नका. ज्या गुहांच्या संकरातून डोळस पिल्लं निघतात, त्या प्रत्येक गुहेला स्वतंत्र ओळ द्या, आणि तुलनेच्या रकान्यात नदीतला मासा लिहा.